चौकट : वलगाव ते मुंबई राज्य, १ मे आणि वऱ्हाड

सुट्टी कशाची? १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी होऊन महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. हाच दिवस कामगार दिनही आहे.

वऱ्हाड कुठे कुठे होते?
- १८५३ : निजामाकडून कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे.
- १९०३ : मध्य प्रांताला जोड.
- १९५० : मध्य प्रदेश, राजधानी नागपूर.
- १ नोव्हेंबर १९५६ : मुंबई राज्य.
- १ मे १९६० : महाराष्ट्र.

महाराष्ट्रात वऱ्हाड-विदर्भाच्या समावेशाबाबतचे दोन करार. अकोला करार, ८ ऑगस्ट १९४७. नागपूर करार, २८ सप्टेंबर १९५३. नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनाचे मूळ नागपूर करारात आहे.

वलगाव, १९५६. संत गाडगेबाबांचे निर्वाण २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावती जिल्ह्यातील वलगावजवळ, पेढी नदीच्या परिसरात झाले. हा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात येऊन दोन महिनेही झाले नव्हते.

वऱ्हाड की विदर्भ? वऱ्हाड म्हणजे अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम. विदर्भात नागपूर विभागही येतो.

१ मे साजरा कसा होतो? जिल्हा मुख्यालयी ध्वजवंदन आणि पोलिसांचे संचलन. गावोगावी ग्रामपंचायतीवर झेंडा, त्यानंतर ग्रामसभा. अनेक शाळांत याच दिवशी वार्षिक निकाल.