पावसाचा दिवस साडेआठला उजाडतो

मोजता मोजता : लेखांक ७

मागच्या लेखांकात आपला नमुन्याचा पर्जन्यमापक मालाड पश्चिमेच्या एका सोसायटीच्या गच्चीवर चढला. पाण्याच्या टाक्या आणि पावसाळी पत्र्याची शेड यांच्यापासून लांब, अगदी लेव्हलमध्ये. त्याची केबल जिन्याच्या खोलीतल्या डेटालॉगरपर्यंत आणून आपण थांबलो. आज लॉगरला लॅपटॉप जोडायचा आणि त्याला कामाला लावायचं.

लॉगरला पाऊस कळत नाही. त्याला कळते फक्त टिप. टिपिंग बकेटचं इवलंसं भांडं भरून कलंडलं की लोहचुंबक रीड स्विचसमोरून जातो, क्षणभर सर्किट जुळतं आणि लॉगर एक आकडा पुढे जातो. ही टिप किती मिलिमीटरची, ती कोणत्या वेळेच्या खात्यात जमा करायची आणि दिवस कुठे मोडायचा, हे सगळं सेटअपच्या सॉफ्टवेअरमध्ये आपण सांगायचं असतं. चूक सांगितलं तरी लॉगर तक्रार करत नाही, चुकीचंच वर्षानुवर्षं नेमाने लिहीत राहतो.

वापरात असलेल्या अनेक लॉगरांपैकी आपण कॅम्पबेल सायंटिफिकचा घेऊ, कारण त्याचं डिव्हाइस कॉन्फिगरेशन युटिलिटी आणि शॉर्ट कट ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट उतरवून घेता येतात. जोडणीत फार काही नाही. केबल लावायची, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर बघायचा, तोच सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा आणि ‘कनेक्ट’ दाबायचं. पाकबस पत्ता, म्हणजे जाळ्यातली लॉगरची ओळख, कारखान्यातून १ असा येतो. एकाच जाळ्यात दोन लॉगर असतील तर दुसऱ्याचा बदलायचा, इतकंच.

खरं काम पुढे आहे. शॉर्ट कटमध्ये पर्जन्यमापक निवडला की गुणक विचारला जातो, म्हणजे एक टिप बरोबर किती मिमी. इथे ०.२ असेल किंवा ०.२५४. दुसरा आकडा इंचाच्या शंभराव्या भागाचा, अमेरिकी बनावटीच्या मापकांतला. मापक ०.२चा असताना गुणक ०.२५४ राहिला तर १०० मिमीच्या पावसाची नोंद १२७ होते आणि आलेख मात्र अगदी खराखुरा दिसतो. म्हणून पाण्याने तपासावं. २०० मिमी व्यासाच्या नरसाळ्यात ०.२ मिमी पाऊस म्हणजे सुमारे ६.२८ मिली पाणी. ६२८ मिली पाणी सावकाश, अर्धा-पाऊण तास ठिबकत सोडलं की पडद्यावर जवळपास १०० टिपा आणि २० मिमी दिसायला हवेत. भसाभस ओतलं तर कमी दिसतील, कारण भांडं कलंडत असताना वरून येणारं पाणी आधीच भरलेल्या बाजूत पडून वाया जातं. मुंबईला या बारकाव्याकडे दुर्लक्ष परवडत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका तासात १९० मिमीच्या आसपास पाऊस झाला. तसा पाऊस आपल्या मापकावर पडला, तर पावणेचार-चार सेकंदांना एक टिप होईल.

त्या दिवशी चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि कुलाब्याला ७३. एकाच शहरात ही तफावत, आणि मधल्या-वरच्या उपनगरांत नेमकं काय चाललंय हे तासातासाला सांगणारं जाळंच नव्हतं. पुढच्याच वर्षी, २००६च्या पावसाळ्यात, महापालिकेने ३५ स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. जागा निवडल्या त्या मुख्यतः अग्निशमन केंद्रांच्या छपरांच्या. निवड शहाणपणाची होती, कारण तिथे चोवीस तास माणूस असतो. नोंद दर १५ मिनिटांनी. जुनी गटारं तासाला २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली, नव्या आराखड्यात तो हिशोब ५० वर गेला. अशा शहरात पाऊस दिवसाच्या बेरजेने मोजून पाणी कुठे तुंबणार ते कळत नाही, मालाडच्या सबवेचं तर नाहीच. म्हणून आपल्या लॉगरमध्येही दोन तक्ते करायचे, एक १५ मिनिटांचा आणि एक दिवसाचा. पावसाच्या ओळीसमोर ‘टोटल’ निवडा. ‘अ‍ॅव्हरेज’ राहिलं तर पाऊस नुसता पातळ होऊन जातो.

दिवसाच्या तक्त्यात मात्र एक खड्डा आहे. सॉफ्टवेअर मूळचं मध्यरात्री दिवस मोडतं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ, कारण जागतिक वेळेनुसार तेव्हा ०३:०० वाजलेले असतात. १ जुलै २०१९च्या रात्री मुंबई झोडपली गेली आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर मालाड पूर्वेला पिंपरीपाड्यात जलाशयाची संरक्षक भिंत झोपड्यांवर कोसळून पंचवीसहून अधिक माणसं गेली. २ जुलैला सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रूझची नोंद ३७५.२ मिमी. हाच पाऊस मध्यरात्री मोडला असता, तर दोन तारखांच्या दोन लहान आकड्यांत विभागून खात्याच्या नोंदीशी जुळेनासा झाला असता. उपाय एका आकड्याचा आहे. शॉर्ट कटने तयार केलेला प्रोग्रॅम सीआरबेसिक एडिटरमध्ये उघडा. डेटाइंटर्व्हलच्या ओळीत दिवसाचा कालावधी १४४० मिनिटं असतो आणि त्याआधी शून्य. त्या शून्याच्या जागी ५१० लिहा, म्हणजे मध्यरात्रीपासून साडेआठ तास. लॉगरचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवणार असाल तर १८०.

घड्याळाबद्दल एवढंच, की ‘सेट क्लॉक’ दाबल्यावर लॉगर लॅपटॉपची वेळ डोळे मिटून उचलतो. बाहेरून आलेल्या इंजिनिअरचा लॅपटॉप सिंगापूरच्या वेळेवर असेल तर गच्चीवरचा पाऊस अडीच तास पुढे पडतो. आधी लॅपटॉपची वेळ बघा. आणि नवा प्रोग्रॅम पाठवण्यापूर्वी जुना डेटा उतरवून घ्या. पाठवताना जुने तक्ते पुसले जाऊ शकतात आणि ते परत मिळत नाहीत.

आणखी एक नोंद मी नेहमी घालायला सांगतो, बॅटरीच्या व्होल्टेजची. नोंदच नसणं आणि शून्य पाऊस यांत फरक करायला ती उपयोगी पडते. पण कबुतरांनी नरसाळं बुजवलं तर बॅटरी ठणठणीत, वेळ बिनचूक, सगळं हिरवं आणि बाहेर मुसळधार असताना तक्त्यात ०.०. त्यावर सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग नाही. जूनच्या आधी आणि मग दर पंधरवड्याला कुणीतरी गच्चीवर जाऊन जाळी झाडायची.

पुढच्या आठवड्यात लॉगरला मोडेम आणि सिमकार्ड जोडू, म्हणजे आकडे आणायला जिना चढावा लागणार नाही.