वसंतातील एक गोठलेली रात्र आणि जर्दाळूचा भाव

सुकामेव्याच्या पेढीवर बसणाऱ्या आपल्या समाजबांधवांना जर्दाळूची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. परंतु बरणीतील तो नारिंगी, मऊ जर्दाळू ज्या झाडावर पिकतो, त्या झाडाच्या वर्षभराच्या कष्टांचा निकाल वसंतातील एकाच रात्री लागू शकतो, हे आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात येते? माझ्या तरी आले नव्हते. बँकेच्या कर्जविभागात आयुष्य घालवलेल्या मला ही गोष्ट एका खातेदाराने शिकवली, आणि त्या शिकवणीची किंमतही त्यानेच मोजली.

सन २०१४ मध्ये गुढीपाडवा ३१ मार्चला होता. पाडव्यानंतर चार-सहा दिवसांनी आमच्या शाखेचे एक जुने खातेदार माझ्यासमोर येऊन बसले. तीन पिढ्यांचा सुकामेव्याचा व्यापार, व्यवहार चोख. ते म्हणाले, "साहेब, तुर्कस्तानात फुलं जळाली. कर्जमर्यादा थोडी वाढवून द्या. जुना माल बाजारात आहे तोवर उचलतो." त्यांनी फाल्गुनातच एका मिठाईवाल्याला दिवाळीच्या भेटपेट्यांसाठी ठरलेल्या दराने जर्दाळू देण्याचा शब्द दिला होता. माल मात्र नव्या हंगामात खरेदी करायचा होता.

फुले जळाली म्हणजे नेमके काय झाले, हे मला उमगले नाही. भाव चढण्याच्या आशेने शेठजी साठा करू पाहत आहेत, असा माझा ग्रह झाला. प्रकरण मी वरिष्ठ कार्यालयाकडे धाडले. शंका, खुलासे, पुन्हा शंका यांत तीन आठवडे गेले. मंजुरी हाती आली तेव्हा जुना माल बाजारातून जवळजवळ नाहीसा झाला होता. शेठजींनी चढ्या भावाने माल घेतला, मिठाईवाल्याला ठरल्या दरानेच दिला आणि त्या वर्षीच्या नफ्यावर पाणी सोडले. मला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. तोच सल मनात राहिला, आणि निवृत्तीनंतर या विषयाच्या वाचनाला कारण झाला.

जगातील सुक्या जर्दाळूचा फार मोठा हिस्सा पूर्व तुर्कस्तानातील मालात्या या एकाच प्रांतातून येतो. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेनऊशे मीटर उंचीवरील हे शहर आणि भोवतालची डोंगराळ खोरी म्हणजे जर्दाळूचे जणू कोठारच. झाडे मार्चच्या उत्तरार्धात फुलतात, फळ जुलैमध्ये उतरते आणि ते वाळवून, निवडून शरदात जगभर रवाना होते. गंधकाची धुरी दिलेला माल नारिंगी राहतो. नुसत्या उन्हात वाळवलेला तपकिरी होतो. फुलोऱ्यापासून फळ पक्के धरेपर्यंतचे काही आठवडे हा या साऱ्या व्यापाराचा नाजूक काळ होय.

या काळात संकट दोन पावलांनी येते. प्रथम उत्तरेकडील थंड हवेची लाट पुढे सरकते. थंड, जड हवा उबदार हवेखाली पाचरीसारखी घुसते. या दोहोंच्या सीमेला शीत आघाडी म्हणतात. ती येताना वारा, पाऊस, प्रसंगी बर्फ आणते. हे पहिले पाऊल. दुसरे पाऊल अधिक फसवे असते. आघाडी पुढे निघून जाते, आकाश निरभ्र होते, वारा पडतो. दिवसा पाहणाऱ्याला वाटते, संकट टळले. परंतु ढगांचे पांघरूण नसल्यामुळे रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. जमिनीलगतची हवा गार होऊन उतारावरून खोऱ्यात साठते. पहाटे खोऱ्यातील बाग गोठते. त्याच गावातील उंचावरची बाग मात्र कधी कधी वाचते.

नुकसान अंशांत मोजता येते. पूर्ण फुललेल्या जर्दाळूला उणे २.८ अंश सेल्सिअसमध्ये अर्धा तास काढावा लागला, तर सुमारे दहा टक्के फुले मरतात. पारा उणे ५.६ पर्यंत उतरला, तर नव्वद टक्के जातात. फूल गळून इवलेसे फळ धरले की ते अधिकच नाजूक होते. मग उणे ३.९ अंशांतच नव्वद टक्के हानी होते. अवघ्या दोन-तीन अंशांच्या फरकात हंगाम तरतो किंवा बुडतो.

बागाईतदार हातावर हात ठेवून बसत नाहीत. कोणी बागेत शेकोट्या पेटवतात, कोणी मोठे पंखे फिरवून वरची तुलनेने उबदार हवा खाली आणतात, तर कोणी झाडांवर रात्रभर पाणी फवारतात. पाण्याचा उपाय चमत्कारिक वाटतो, पण त्यामागे शास्त्र आहे. एक ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ऐंशी कॅलरी उष्णता बाहेर टाकते. फवारा अखंड चालू राहिला, तर बर्फाच्या आवरणाखाली कळी शून्य अंशाच्या आसपास टिकून राहते. मध्येच फवारा थांबला, तर मात्र हानी उलट वाढते.

मग वसंत ऋतूचा हवामान अंदाज व्यापाऱ्याने वाचावा कसा? ऋतूचा अंदाज तीन महिन्यांच्या सरासरीविषयी बोलतो. गोठणाऱ्या रात्रीची तारीख सांगत नाही. ही तफावत बँकेच्या भाषेत सहज समजते. एखाद्या खात्याची वर्षाची सरासरी शिल्लक उत्तम असूनही एका दिवशी धनादेश न वटल्यास पत जाते. झाडाचेही तसेच आहे. किंबहुना उबदार वसंताचा अंदाज नेहमीच दिलासा देणारा नसतो. फेब्रुवारी-मार्च उबदार गेला, तर झाडे लवकर फुलतात आणि उशिरा आलेल्या थंडीच्या तावडीत सापडतात. म्हणून ऋतूच्या अंदाजावरून सावधगिरीचे प्रमाण ठरवावे आणि पुढील चार-पाच दिवसांच्या अंदाजावरून खरेदीचा निर्णय घ्यावा. तुर्कस्तानचे हवामान खाते शेतीसाठी गोठणाऱ्या रात्रींचे वेगळे इशारे देते. त्यांच्या भाषेत अशा आपत्तीला 'झिराई डॉन' म्हणतात, म्हणजे शेतीवरची गोठण.

याचे प्रत्यंतर २०२५ मध्ये पुन्हा आले. १० एप्रिलला आपण महावीर जन्मकल्याणक साजरे करत होतो. त्याच सुमारास तुर्कस्तानवर थंडीची लाट उतरत होती. पुढील दोन-तीन रात्रींत मालात्यातील जर्दाळू, काळ्या समुद्राकाठचे हेझलनट आणि इतर अनेक पिके होरपळली. २०१४ नंतरची ही मोठी आपत्ती असल्याचे तेथील कृषिमंत्र्यांनी सांगितले. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात घरेदारे गमावलेल्या मालात्यावर हा दुसरा आघात होता. २००५ च्या कायद्याने तेथे शासनाच्या साहाय्याने चालणारी कृषी विमा योजना उभी राहिली असून तिच्यात फळबागांच्या गोठणीचाही विमा उतरवता येतो. तथापि विम्याने शेतकऱ्याला रक्कम मिळते, बाजाराला माल मिळत नाही. आणि ठरल्या भावाने दिलेल्या व्यापाऱ्याच्या शब्दाला असे कवच नसते.

हे सारे दूर देशीचे आहे, असे समजू नये. भूमध्य समुद्राकडून निघणारे पश्चिमी झंझावात इराण-अफगाणिस्तानावरून काश्मीर-हिमाचलापर्यंत येतात. त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचे गार वारे सुटतात आणि आपल्या निफाडचा पारा घसरतो. द्राक्षमण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून तेथेही पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटतात. सफरचंद, द्राक्ष, बेदाणा यांचा व्यापार करणाऱ्यांनाही हा हिशेब तितकाच लागू आहे.

गेल्या वर्षी एप्रिलमधील ती बातमी वाचून मी शेठजींच्या पेढीवर फोन केला. शेठजी आता थकले आहेत. व्यवहार चिरंजीव पाहतात. मी काळजीने विचारले, "दिवाळीचे सौदे झालेत का?" तो हसून म्हणाला, "नाही काका. बाबांनी २०१४ नंतर नियमच घातला आहे. झाडावर फळ पक्कं धरल्याची बातमी येईपर्यंत पुढचा भाव बांधायचा नाही. गिऱ्हाईकाने फारच आग्रह धरला, तर निम्मा माल आधी गोदामात आणायचा, मगच शब्द द्यायचा."

शब्द मोडायचा नाही, हे या घराण्याने आधीपासून पाळले होते. तो केव्हा द्यायचा, हे त्यांना एका गोठलेल्या रात्रीने शिकवले. आणि कर्ज मागणाऱ्याने 'फुलं जळाली' म्हटले, तर कागद वर धाडण्यापूर्वी त्याचा अर्थ विचारून घ्यावा, हे मला शिकवले. फोन ठेवण्यापूर्वी मी तेवढे त्या मुलाला सांगून टाकले. अकरा वर्षे राहून गेले होते. तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, बाबा शेजारीच बसलेत. त्यांनाच सांगा."