मोहफुले वेचताना

मंडळी, रानातली शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाली. पण रानात जाणे काही बंद झाले नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलात मोहफूल गळू लागले, की आयाबाया टोपल्या घेऊन भल्या पहाटे निघतात. उशीर केला, तर फुले गुरे नि हरणे खाऊन टाकतात. म्हणून ही घाई.

पण वाघाच्या फिरण्याची वेळही तीच. त्यातून वाकून वेचणारा माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसू शकतो. धोक्याचे मूळ इथे आहे.

तेव्हा एवढे करा. चांगले उजाडल्यावरच निघा. एकटेदुकटे जाऊ नका. चौघे-पाच मिळून जा. एकाने उभे राहून चौफेर नजर ठेवावी, बाकीच्यांनी मोठ्याने बोलत राहावे. झाडाखाली जुने लुगडे किंवा जाळी अंथरली, तर वाकण्याचा वेळ वाचतो, आणि पाला जाळावा लागत नाही. वाघ दिसलाच, तर पाठ फिरवून पळू नका. तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश मागे सरा.

गुरुजी, हे शाळेत मुलांनाही समजावून सांगा. फुले उद्या पुन्हा पडतील. गेलेले माणूस काही परत यायचे नाही.