जुने हॉर्न स्पीकर : आधी खोलीचे कोपरे पाहा

बंगळुरू : १९४८ मध्ये पायाभरणी झालेल्या जयनगरात ३० बाय ४० फुटांच्या भूखंडांवरील घरे परिचयाची आहेत. अशा घरातील १२ बाय १५ फुटांच्या खोलीत जुने हॉर्न स्पीकर बसवायचे असतील, तर नामांकित मॉडेल शोधण्यापूर्वी खोलीचे कोपरे पाहावेत.

हॉर्न स्पीकरमधील पातळ पडद्याच्या कंपनांची बाहेरच्या हवेशी सांगड घालतो. त्यामुळे अल्प विजेत मोठा आवाज मिळतो. आठ वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरही त्याला पुरतो. अडचण खर्जाची आहे. ४० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर असते आणि तो पेलणारा सरळ हॉर्न घरात मावत नाही. अमेरिकी अभियंता पॉल क्लिप्श यांनी १९४०च्या दशकात ‘क्लिप्शहॉर्न’मध्ये हॉर्न दुमडला आणि कोपऱ्यातील दोन भिंतींनाच त्याचा विस्तार बनवले. साहजिकच कोपऱ्यात दार असल्यास खर्ज हरवतो, आणि आपल्याकडे दार बहुधा कोपऱ्यालगतच असते.

चित्रपटगृहांसाठी घडवलेल्या अल्टेक लान्सिंगच्या ‘व्हॉइस ऑफ द थिएटर’ला कोपरा लागत नाही, अंतर लागते. फार जवळ बसल्यास गायकाचा स्वर वरून आणि डग्गा खालून असे वेगवेगळे ऐकू येतात. सुमारे तीन मीटर अंतर राखावे.

खरेदीपूर्वी मल्टिमीटरने दोन्ही बाजूंच्या ड्रायव्हरचा रोध मोजावा. आकड्यांत मोठी तफावत असल्यास एकाची कॉइल बदललेली असू शकते. बसण्याची खुर्ची मात्र मागच्या भिंतीला टेकवू नये. तेथे खर्ज फुगतो.