कळतंय, पण बोलता येत नाही

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळच्या राऊंडला साठीचे एक शेतकरी आजोबा समोर होते. तक्रार पोटाच्या वरच्या भागात दुखण्याची. शिकाऊ डॉक्टरांपैकी एका मुलाने सफाईदार इंग्रजीत केस मांडली. ॲसिडिटी असावी, असा एकूण सूर होता. मी मान डोलावली आणि पुढच्या खाटेकडे वळलो. राऊंड संपल्यावर एक मुलगी व्हरांड्यात थांबली होती. हळूच म्हणाली, "सर, आजोबा म्हणत होते की शेताकडं चालत निघालं की कळ येते, बांधावर टेकलं की जाते. घामही सुटतो." आम्ही परत फिरलो आणि ईसीजी काढला. त्यात बदल होते. दुखणे पोटाचे नव्हते, हृदयाचे होते.

"मग राऊंडला का नाही बोललीस?" मी विचारले. "सर, इंग्रजीत वाक्य जुळवत होते. तोवर तुम्ही पुढं गेलात."

चूक तिची नव्हती, माझी होती.

जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. प्रवेशसंख्या १००. जिल्ह्यासाठी ही मोठी गोष्ट. नीट परीक्षा मराठीतूनही देता येते. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मुलेही एमबीबीएसपर्यंत पोहोचतात. तिथे पुस्तके, व्याख्याने, परीक्षा सगळे इंग्रजीत. बारावीपर्यंत वर्गात पहिला हात वर करणारे मूल इथे शेवटच्या बाकावर जाऊन बसते. आपण म्हणतो, "मुलाचे लक्ष नाही." खरे कारण वेगळे असू शकते.

आपल्या मेंदूची काम करतानाची स्मृती फार लहान असते. एका वेळी मोजक्याच गोष्टी तिथे मावतात. ऑस्ट्रेलियातील मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये यावरूनच 'बोधभारा'चा विचार मांडला. नवा विषय आणि परकी भाषा एकदम आली, की ही जागा भाषेचा अर्थ लावण्यातच भरून जाते. मूत्रपिंडाचे कार्य समजून घ्यायला जागा उरत नाही. त्यात 'हसतील' ही भीती. भीतीही तीच जागा खाते. म्हणून मूल मंद दिसते. ते मंद नसते, त्याच्यावर ओझे दुप्पट असते.

दुसरी गोष्ट उमेदीची. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या संशोधकांच्या मते माणसाला आतून उमेद वाटण्यासाठी तीन गोष्टी लागतात: आपले आपण काही ठरवता येणे, 'मला जमते' ही जाणीव आणि 'मी इथला आहे' ही भावना. भाषेची भिंत पहिला घाव घालते तो 'मला जमते' यावर. मग हळूहळू 'मी इथला नाहीच' असे वाटू लागते.

हा प्रश्न आजचा नाही. जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकासह उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. म्हणजे परकीय इंग्रजीऐवजी देशी भाषेतून वैद्यक शिकवता येते, हे या भागाने पाहिले आहे. पण मराठी घरातल्या मुलासाठी ती भाषाही दुसऱ्याचीच होती. अलीकडे २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने एमबीबीएसची हिंदी पुस्तके काढली. त्यात बरेच तांत्रिक शब्द इंग्रजीच, फक्त देवनागरीत आहेत.

माझे मत विचाराल तर इंग्रजी टाळून चालणार नाही. जगभरचे नवे संशोधन त्याच भाषेत येते. पण इंग्रजी येईपर्यंत मुलाचे डोके बंद ठेवायचे कारण नाही.

विद्यार्थ्यांनी एक लक्षात ठेवावे: वैद्यकातले बरेच शब्द मुळात ग्रीक आणि लॅटिन आहेत. कॉन्व्हेंटच्या मुलालाही ते नवेच असतात. 'आयटिस' म्हणजे दाह, 'हिपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'टॅकी' म्हणजे जलद. अशी शंभर मुळे पाठ केली की हजार शब्द उलगडतात. धडा आधी मित्राला मराठीत समजावून सांगा, मग इंग्रजीत वाचा. रोज एक केस मोठ्याने, चुकतमाकत का होईना, इंग्रजीत मांडा.

शिक्षकांनी प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे. उत्तर आधी मराठीत येऊ द्यावे, मग तेच इंग्रजीत बसवून घ्यावे. व्याकरणाचे गुण आणि निदानाचे गुण वेगळे ठेवावेत. त्या राऊंडनंतर मी निघण्यापूर्वी विचारतो, "कुणाला मराठीत काही सांगायचंय?" कुणी ना कुणी सांगतेच.

पालकांनी फोनवर गुणांआधी जेवण आणि झोप विचारावी. मूल दोन आठवड्यांहून अधिक काळ गप्प असेल, झोप उडाली असेल, वर्ग टाळत असेल, 'परत येतो' म्हणत असेल, तर त्याला आळस समजू नका. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर चोवीस तास मोफत मदत मिळते, मराठीतही. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा असेल, तर त्याला एकटे सोडू नका आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

शेवटी रुग्ण बोलतो ती भाषा कोणती? "उन्हाळी लागली", "अंगात कणकण आहे", "जीव घाबरा होतो". हे ज्याला चटकन कळते, त्याच्याकडे निदानाची अर्धी किल्ली असते. बाहेरून आलेल्या मुलांना आपण ती भाषा शिकवतो. आपल्या मुलांकडे ती आधीच आहे. तिची लाज वाटायला लावू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.