रक्तदाब : ‘त्रास नाही’ या पुराव्याची तपासणी

मंडळी, आजचा विषय वैद्यकातला, आणि मी ‘डॉक्टर’ आहे तो तत्त्वज्ञानातला. तेव्हा कोणती गोळी घ्यावी हे मला विचारू नका. पण आपल्या वाशीम जिल्ह्यात रिसोडला जा की मानोऱ्याला, पारावर एक वाक्य ऐकू येतंच : “मले काही त्रास नाही, मंग गोळी कायले खाऊ?” या वाक्यात एक युक्तिवाद आहे. तो आज तपासू.

आधी दाब म्हणजे काय? शेतातला तुषार संच आठवा. मोटरचा जोर वाढवला, किंवा पुढची काही नोझल बंद केली, की पाइपातला दाब वाढतो. हृदय ही मोटर, बारीक रक्तवाहिन्या ही नोझल. फरक एवढाच, की या वाहिन्या स्वतःच आवळतात आणि सैलावतात.

आता तुम्ही सतरंजीवर बसलाय. एकदम उभे राहिलात तर अर्ध्या लिटरहून जास्त रक्त पायांकडे उतरतं. चक्कर यायला पाहिजे, पण बहुधा येत नाही. कारण मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या आणि महारोहिणीच्या भिंतीत ताण ओळखणारे मज्जातंतू आहेत. ताण कमी झाला की मेंदूच्या तळाशी खबर जाते, ठोके वाढतात, वाहिन्या आवळतात. हे सगळं काही सेकंदांत. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने शरीराच्या या शहाणपणावर १९३२ मध्ये पुस्तकच लिहिलं.

दिवसांचा आणि महिन्यांचा हिशोब मात्र किडनीकडे. ती रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि जवळपास सगळा परत रक्तात घेते. दाब कमी वाटला की ती रेनिन सोडते. त्यातून पुढे जी द्रव्यं तयार होतात, ती वाहिन्या आवळतात आणि मीठ अडवून ठेवतात. मिठामागे पाणी येतं, पाण्यामागे दाब. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चमचा. त्यात ठेचा, लोणचं, पापड सगळं आलं बरं का!

आता खरी गंमत, म्हणजे गंमत कसली. दाब सतत वाढलेलाच राहिला, तर मानेतले ते मज्जातंतू काही दिवसांत त्यालाच नेहमीचा समजू लागतात. बाजार समितीतल्या काट्याचा शून्यच सरकावा, तसं. मग शरीर १६० सुद्धा सांभाळून ठेवतं. खबर देणाराच गप्प, तर त्रास जाणवणार कसा?

आपल्या मीमांसकांनी याचा विचार फार पूर्वी केलाय. ‘घडा दिसत नाही, म्हणून इथे घडा नाही’ हे ज्ञान भाट्ट मीमांसक मान्य करतात, त्याला अनुपलब्धी म्हणतात. पण अट अशी, की घडा असता तर तो दिसायलाच हवा होता. उजेडात हे चालतं, अंधारात नाही. रक्तदाबाच्या बाबतीत आपण अंधारात उभे असतो. आत मेंदूच्या, हृदयाच्या, किडनीच्या वाहिन्या वर्षानुवर्षं झिजत राहतात, आणि पहिली जाणीव कधी कधी थेट लकव्याचीच होते.

मी तर्कशास्त्र शिकवलं आणि स्वतःच फसलो. गोळी सुरू होती, आकडा १२६/८० आला, म्हटलं बरे झालो. गोळी बंद! अहो, आकडा गोळीमुळेच तर खाली होता. काही महिन्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलो, तर दाब १८४/११०. ऑपरेशन पुढे ढकललं. त्या सकाळीसुद्धा मला काहीही त्रास नव्हता.

२०१७ मध्ये देशातल्या पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला. त्यात आपल्या विदर्भातला वर्धा जिल्हाही होता. मला त्यातलं एक फार पटलं : दवाखान्यात माणूस कशासाठीही येवो, आधी दाब मोजायचा. तक्रारीची वाट बघायची नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे घाम जातो, दाब थोडा उतरतो, गोळी घेणाऱ्याला कधी गरगरतं. तेव्हा डॉक्टरांना विचारून मात्रा बदला, मनाने सोडू नका.

बाहेरच्या खोलीत मशीन ठेवलंय. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसा, हात छातीच्या पातळीला ठेवा, दोनदा मोजा. चहा नंतर मिळेल.