सहा मीटरचा संच : आधी मोड बघा, मग वॅट

हॉस्टेलवर राहून पैसे साठवणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. रात्रीच्या अंडाभुर्जीवर आणि दोन-चार सिनेमांवर पाणी सोडून आम्ही चौघांनी २०२३ साली एक सेकंडहँड मोबाइल रेडिओ घेतला. मोबाइल म्हणजे फोन नव्हे बरं का! गाडीत बसवायचा हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा संच. चौघांकडे लायसन्स होतं, उत्साह तर उतू जात होता. खोक्यावर ५० ते ५४ मेगाहर्ट्झ असं छापलेलं पाहिलं आणि आम्ही हुरळून गेलो.

पुढचे सहा महिने तो संच सहा मीटरवर फक्त खरखरत होता. आमची चूक काय झाली, ते सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आधी थोडी थिअरी. प्रकाशाचा वेग भागिले ५० मेगाहर्ट्झ केलं की तरंगलांबी येते ६ मीटर. एरवी हा बँड व्हीएचएफसारखाच वागतो, साधारण नजरेच्या टप्प्यातलं बोलणं. पण उन्हाळ्यात कधीकधी शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या ई थरात आयनांचे दाट ढग तयार होतात आणि सिग्नल हजार-दोन हजार किलोमीटरवर जाऊन पडतो. सूर्यावरचे डाग वाढले की त्याहून वरचा एफ थरही साथ देतो. सध्याच्या २५व्या सौरचक्राचा भर २०२४ च्या सुमारास होता. केव्हा उघडेल आणि केव्हा मिटेल याचा नेम नाही, म्हणून हॅम मंडळी याला ‘मॅजिक बँड’ म्हणतात.

आता आमची चूक. मार्च २०२४ मध्ये एका संध्याकाळी आम्ही सरांच्या जुन्या जीपमधून म्हैसमाळला गेलो. एका सीनिअर हॅमकाकांनी त्यांचा आयकॉम ७०६ बरोबर दिला होता. एकाच अँटेनावर आळीपाळीने दोन्ही संच लावले. काकांच्या संचावर ५०.११० च्या आसपास एक आवाज स्वच्छ ऐकू आला, कॉलसाइन व्हीके६ ने सुरू होणारा. म्हणजे पश्चिम ऑस्ट्रेलिया! घाईघाईत केबल काढून आमच्या संचाला लावली, तर बदकाने घसा साफ करावा तसा आवाज. पुन्हा केबल बदलेपर्यंत बँड मिटला होता. परतताना जीपमध्ये कुणी बोललं नाही.

कारण साधं होतं. आमचा संच फक्त एफएमचा. सहा मीटरवर दूरचं बोलणं चालतं ते एसएसबी, मोर्स किंवा एफटी८ सारख्या डिजिटल मोडवर. एफएमला साधारण १५ किलोहर्ट्झ रुंदी लागते, एसएसबीला अडीच. रुंद खिडकीतून गोंगाटही जास्त येतो. हिशोब केला तर सुमारे ८ डीबीचा फरक पडतो. तेव्हा पहिला नियम : खोक्यावरचा बँड वाचून थांबू नका, मोडचा रकाना वाचा. यासूचा ८९००आर सहा मीटरवर ५० वॅट देतो, पण एफएमवरच. यासूचे ८५७डी आणि ८९१, आयकॉमचे ७०६ एमके२जी आणि ७१०० हे एसएसबीवाले. यातले ८५७डी आणि ७०६ आता जुन्या बाजारातच मिळतात. जुना घ्याल तर डमी लोड लावून सहा मीटरवरच ट्रान्समिट करून बघा. चाळीस मीटरवर चालतो म्हणजे इथेही चालेल, असं नसतं.

दुसरा नियम वॅटचा. ५० आणि १०० वॅटमध्ये फरक फक्त ३ डीबी, म्हणजे एस-मीटरवर अर्धा काटा. पण १०० वॅटचा संच बोलताना २२ अँपिअरच्या आसपास करंट ओढतो. सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ चा. तिथे लावलात तर काय होईल, ते फर्स्ट इयरचा पोरगाही सांगेल.

वायर घ्यायला मी शहागंजला गेलो. दुकानदाराकडे अडीच स्क्वेअर एमएमची मागितली. कशाला हवी, ते ऐकून त्याने माझ्याकडे वर-खाली पाहिलं. ‘दादा, बावीस अँपिअर म्हणता अन् ही वायर नेता?’ हॉस्टेलवर येऊन गणित मांडलं. बॅटरीपासून सीटखाली ३ मीटर, जाऊन-येऊन ६ मीटर. अडीचच्या वायरीत ०.९ व्होल्ट गळतात, सहाच्या वायरीत ०.४ पेक्षा कमी. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, त्यातून ०.९ गेले की ११.७ उरतात. हे संच १३.८ व्होल्टला १५ टक्के कमी-जास्त इतकंच चालवून घेतात, म्हणजे खालची मर्यादाही ११.७! इंजिनिअरिंग आम्ही शिकतो, पण उत्तर दुकानदाराला तोंडपाठ होतं. वायर थेट बॅटरीपासून घ्या आणि प्लस-मायनस दोन्हीला बॅटरीजवळ फ्यूज लावा.

तिसरी गोष्ट अँटेना. ७१.५ भागिले मेगाहर्ट्झ केलं की पाव तरंगाची लांबी मीटरमध्ये मिळते, इथे १.४३ मीटर. जीपच्या टपावर मधोमध आरामात मावते. चाळीस मीटरसाठी हीच काडी दहा मीटर लागली असती!

आणि गोंगाट. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ जीप उभी केली तर रिक्षांचे स्पार्क आणि दुकानांचे एलईडी दिवे मिळून मीटरचा काटा वर चिकटतो. म्हणून घेताना नॉइज ब्लँकर चालू-बंद करून फरक ऐका. आपली गाडी बंद केल्यावर खरखर थांबली, तर दोष घरचाच समजा.

एचएफ आणि सहा मीटर एकाच संचात असेल तर उत्तम. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओवाले मदतीला गेले होते. तशी वेळ पुन्हा आली तर कामाला येईल तो एचएफच. सहा मीटर ही वरची चैन.

शेवटचं म्हणजे लायसन्स हातात आल्याशिवाय संच विकत घेऊ नका. आपल्या वर्गाला कुठली फ्रिक्वेन्सी आणि किती पॉवर आहे, गाडीतून बोलायची परवानगी आहे का, हे त्यावर नीट वाचा.

आमचा एफएम संच आता दोन मीटरवर गावातल्या गप्पांना वापरतो. नव्या संचासाठी भुर्जी पुन्हा बंद आहे. कुणाला वर्गणी द्यायची असल्यास स्वागत!

सर्वांना ७३.